प्रूफ नाण्यावर खूण दिसतेय: टाकसाळीची चूक की नंतरचं नुकसान?

प्रूफ नाण्यावर, म्हणजे संग्राहकांसाठी खास घडवलेल्या आरशासारख्या चकचकीत नाण्यावर, रेघ, खड्डा, डाग किंवा दुहेरी अक्षर दिसलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: हे एरर, म्हणजे टाकसाळीत झालेली चूक, आहे का? गेली बरीच वर्षं लोक अशी नाणी आणि त्यांचे फोटो मला दाखवत आले आहेत. बहुतेकांना मी 'नाही' असंच सांगतो. पण नुसतं 'नाही' ऐकून समाधान होत नाही, आणि ते व्हायलाही नको. का नाही हे कळलं तर पुढचं नाणं तुम्हीच तपासाल आणि 'रेअर एरर' म्हणून कुणी खराब नाणं चढ्या भावाने गळ्यात मारत असेल तर वेळीच थांबाल. म्हणून हा क्रम लिहून काढतोय. आधी फुकटातल्या तपासण्या, खर्चाच्या शेवटी. माझ्यासमोर मुख्यतः मुंबई आणि कोलकाता टाकसाळीचे प्रूफ सेट येतात, त्यामुळे उदाहरणंही तिथलीच.

लक्षणं

माझ्याकडे येणाऱ्या तक्रारी साधारण अशा असतात:

- आरशासारख्या मोकळ्या भागावर बारीक रेघा
- केसाएवढी बारीक, वाकडी, आत गेलेली खूण
- अक्षरांना किंवा सालाला लागून दुसरी पुसट कड
- पांढरट, फ्रॉस्ट केलेल्या चित्रावर मध्येच चकचकीत ठिपका
- काठ चेपलेला, किंवा काठाचा तुकडाच नाही
- पांढरे, तपकिरी, हिरवट डाग, आरशावर धुकं
- पुढची बाजू सरळ धरली तर मागची तिरकी
- वजन कमी, किंवा धातूचा रंग वेगळा
- सालाखाली 'चुकीचं' टाकसाळचिन्ह

यातलं शेवटचं लगेच निकालात काढू. मुंबईच्या चलनी नाण्यावर सालाखाली हिऱ्याचं चिन्ह असतं. मुंबईच्या प्रूफ नाण्यांवर मात्र नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत इंग्रजी 'बी' आणि शहराचं नाव बदलल्यानंतर 'एम' हे अक्षर आलं. त्यामुळे हिरा नाही म्हणून ती चूक ठरत नाही. तसंच, कोलकात्याच्या नाण्यावर चिन्ह नसतंच, त्यामुळे कोऱ्या जागेचाही काही विशेष अर्थ नाही.

तपासण्याआधी एवढं डोक्यात पक्कं करा

चलनी नाण्यांचा यंत्रातून मिनिटाला शेकड्यांनी पाऊस पडतो. प्रूफची गोष्ट वेगळी. त्याची डाय, म्हणजे चित्राचा ठसा उमटवणारा साचा, घासून आरसा केलेली असते, चित्राच्या खोलगट भागाला फ्रॉस्ट दिलेला असतो, धातूची कोरी चकतीही पॉलिश केलेली असते. ती चकती एकेक करून डायखाली ठेवतात, जास्त दाबाने दोन किंवा अधिक ठोके देतात आणि तयार नाणं माणूस पाहतो. अर्धं चित्र बाहेर गेलेलं किंवा उलटा ठसा उमटलेलं नाणं चलनी ढिगाऱ्यातून निसटून बाहेर पडतं. प्रूफमध्ये ते बहुधा तिथेच पकडलं जातं. म्हणून प्रूफवर काही दिसलं की मी सुरुवात 'नुकसान असावं' या गृहीतकानेच करतो आणि नाण्यालाच ते खोटं पाडू देतो.

आता मोदकाचा साचा आठवा. साच्याच्या आतल्या बाजूला ओरखडा असेल तर प्रत्येक मोदकावर त्या जागी उंच रेघ उठते. साच्यात खोबऱ्याचा कीस अडकला तर त्या एका मोदकावर खड्डा पडतो. आणि मोदक ताटात पडून चेपला तर सारण बाजूला सरकतं. नाण्याचंही असंच. डायमधला दोष नाण्यावर उंच येतो आणि त्या डायच्या बाकीच्या नाण्यांवरही सापडतो. डाय आणि चकतीच्या मध्ये काही आलं तर खूण खोल जाते, पण धातू बाजूला ढकललेला नसतो. नंतरच्या आघाताची खूणही खोल असते, फक्त तिथे धातू सरकलेला असतो. खालच्या सगळ्या तपासण्या या तीन शक्यता वेगळ्या करण्यासाठीच आहेत.

१. कॅप्सूल आणि उजेड

नाणं बाहेर काढू नका. आधी कॅप्सूल (नाण्याची पारदर्शक प्लॅस्टिकची डबी) किंवा पाकिटाचं प्लॅस्टिक मऊ मायक्रोफायबरने पुसा आणि खूण तिथेच आहे का ते पाहा. मग डोकं थोडं डावी-उजवीकडे हलवा. खूण नाण्यावरच्या अक्षरांच्या तुलनेत सरकली तर ती प्लॅस्टिकवर आहे, नाण्यावर नाही. 'मोठा ओरखडा' म्हणून आलेल्या तक्रारींमधल्या कितीतरी इथेच संपतात.

उजेड एकाच दिव्याचा, बाजूने, तिरका हवा. छतावरची ट्यूबलाइट आरशात स्वतःच दिसते आणि नाण्यावर नसलेल्या रेघा दाखवते. मोबाइलच्या फ्लॅशने काढलेला फोटो तर निर्णयासाठी निरुपयोगीच.

२. मागची बाजू सरळ येते का

ही तपासणीही फुकटच. नाणं कॅप्सूलसकट उभं धरा, पुढचं चित्र सरळ ठेवा आणि पुस्तकाचं पान उलटावं तसं आडवं फिरवा. प्रजासत्ताकातल्या भारतीय नाण्यांवर मागची बाजू सरळच यायला हवी. अमेरिकी नाण्यांची रचना उलटी असते. ती वरून खाली फिरवावी लागतात. हे माहीत नसल्यामुळे अमेरिकेहून नातेवाइकांनी आणलेलं नाणं 'रोटेटेड' म्हणून मला दाखवलं जातं.

मागची बाजू खरोखरच तिरकी आली तर मन लावून पाहा. कितीही आपटलं, घासलं तरी नाण्याच्या दोन बाजूंमधला कोन बदलत नाही. नुकसानाने होऊ न शकणारी ही एक ठाम गोष्ट आहे. एकच फसवणूक उरते: दोन नाणी मधून कापून जोडणं. काठावर किंवा काठाच्या आतल्या कडेला जोडाची रेघ भिंगातून शोधा.

३. उंच की खोल

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. दहापट भिंग पुरतं. त्याहून जास्त मोठं दाखवणारं घेतलं तर प्रत्येक कण डोंगर दिसायला लागतो.

रेघ उंच आहे की खोल हे नुसतं बघून ठरवू नका. डोळा फसतो, आणि आरशासारख्या पृष्ठभागावर तर हमखास फसतो. दिवा डावीकडे ठेवा आणि आधी एखादं अक्षर पाहा. ते उंच आहे हे तुम्हाला माहीत आहे. त्याची कोणती कड चमकते आणि कोणती काळी पडते ते बघा. आता रेघ पाहा. तिची चमक आणि सावली अक्षराप्रमाणेच पडत असेल तर रेघ उंच आहे. उलटी पडत असेल तर खोल. मग दिवा उजवीकडे नेऊन पुन्हा पाहा. दोन्ही वेळा एकच उत्तर आलं तरच ते धरा.

उंच रेघा असतील तर बहुधा त्या डाय पॉलिश करताना डायवर पडलेल्या आहेत. त्यांची आणखी एक खूण आहे आणि ती मला सर्वांत भरवशाची वाटते. नाण्याचा मोकळा सपाट भाग म्हणजे डायचा वर आलेला भाग. पॉलिशचं फडकं तिथेच घासतं, चित्राच्या खोलगट भागात ते पोहोचत नाही. म्हणून या रेघा अक्षराच्या पायथ्याशी येऊन थांबतात आणि पलीकडून पुन्हा सुरू होतात. अक्षरावर चढत नाहीत. ही टाकसाळीची खूण खरी, पण तिला वेगळी किंमत सहसा येत नाही.

खोल, बारीक, असंख्य रेघा आणि त्या अक्षरांच्या माथ्यावरूनही जात असतील, तर नाणं कुणीतरी पुसलं आहे. रुमाल, टिश्यू, सदऱ्याची बाही, काहीही. यावर इलाज नाही. प्रूफचा आरसा एकदा पुसला की तो पुसलेलाच राहतो. चिंच, लिंबू, दंतमंजन, पितांबरी हे तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ठीक. प्रूफ नाण्याजवळही आणू नका.

एकच खोल, वाकडी, धाग्यासारखी खूण असेल तर जरा उत्साहाने पाहायला हरकत नाही. पॉलिशच्या फडक्याचा तंतू डायवर राहिला आणि ठोक्याखाली आला की त्याचा ठसा नाण्यात उमटतो. संग्राहक याला लिंट मार्क म्हणतात. प्रूफमध्ये खरोखर भेटणारी ही चूक आहे. तिची कड मऊ असते, रुंदी सारखी, तळ मंद, आणि दोन्ही बाजूंना धातूचा बांध उठलेला नसतो. ओरखडा याच्या उलट असतो. तो बहुधा सरळ जातो, सुरुवातीला बारीक आणि शेवटी रुंद किंवा उलट, तळाला ताज्या धातूची चमक आणि त्याच दिशेच्या सूक्ष्म रेघा, कडेला उठलेला बांध. बांध दिसला की प्रश्न मिटला. तो धातू टाकसाळीनंतर सरकला आहे.

फ्रॉस्टवरचा चकचकीत ठिपका हाही बहुतेक वेळा स्पर्शाचाच असतो. दुसऱ्या नाण्याचा काठ किंवा नख लागलं की फ्रॉस्ट दबतो आणि तेवढीच जागा चमकते. डाय झिजल्यामुळे फ्रॉस्ट कमी झाला असेल तर तो हळूहळू, मोठ्या भागावर विरळ होत जातो. ठळक सीमा असलेला ठिपका डायमुळे सहसा येत नाही.

टाकसाळचिन्हच गायब असेल तर तिथला आरसा पाहा. डायवर चिन्ह मारायचं राहून गेल्याची उदाहरणं खरी आहेत: अमेरिकेत १९६८ साली प्रूफ नाण्यांचं काम सॅन फ्रान्सिस्कोला गेलं आणि त्याच वर्षी तिथलं 'एस' हे चिन्ह नसलेले काही प्रूफ डाइम (दहा सेंटची नाणी) निघाले, पुढे १९८३ च्या डाइमवर आणि १९९० च्या सेंटवरही तसंच झालं. अशा नाण्यावर चिन्हाच्या जागी आरसा आजूबाजूसारखाच अखंड असतो. चिन्ह खरवडून काढलं असेल तर तिथे आरसा तुटतो, मंद होतो, प्रतिबिंब वाकडं दिसतं. याच कारणाने प्रूफवर लबाडी लपवणं चलनी नाण्यापेक्षा अवघड आहे.

४. दुहेरी अक्षर

प्रूफला एकापेक्षा जास्त ठोके असल्यामुळे हा प्रश्न वारंवार येतो आणि इथेच सर्वांत जास्त पैसे वाया जातात.

दुसरी कड पायरीसारखी सपाट, खालच्या पातळीवर आणि चकचकीत असेल, आणि तिच्यामुळे मूळ अक्षर बारीक झालं असेल, तर ठोका देऊन डाय उचलताना ती किंचित घसरली आहे. हे मशीन डबलिंग. टाकसाळीतच घडलेलं, पण एरर म्हणून त्याला भाव देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. खऱ्या डबल्ड डायमध्ये दुहेरीपणा डायमध्येच कोरला गेलेला असतो. दोन्ही ठसे गोलसर आणि उंच असतात, अक्षर एकूण जाड होतं, त्याच्या टोकांना खाच पडते. शिवाय अगदी त्याच जागी, तितकाच दुहेरीपणा दुसऱ्या नाण्यावरही सापडायला हवा. त्याच वर्षाचा आणखी एक सेट पाहायला मिळाला तर हा पुरावा सर्वांत मोलाचा.

तिसरा प्रकारही आहे: दोन ठोक्यांच्या मध्ये नाणंच किंचित फिरतं. तेव्हा दुहेरीपणा एका अक्षरापुरता राहत नाही, संपूर्ण बाजूवर पसरतो. ही खरी स्ट्राइक एरर, म्हणजे ठोका देताना झालेली चूक. पण सगळीकडे दिसते की नाही ते तपासूनच म्हणा.

५. काठ आणि दुसरी बाजू

काठावर काही दिसलं की नेमक्या समोरच्या जागी पाहा. चकती कापतानाच तिचा तुकडा गेला असेल तर काठ उचलण्याच्या यंत्रात समोरच्या बाजूला पुरता दाब मिळत नाही आणि तिथला काठ पुसट राहतो. जाणकार याला ब्लेक्सली इफेक्ट म्हणतात. तुटक्या जागेजवळची अक्षरंही तिकडे ओढल्यासारखी, विरघळत गेलेली दिसतात, कारण ठोक्याखाली धातू मोकळ्या जागेकडे वाहिला. नंतर कानशीने किंवा करवतीने कापलेल्या नाण्यात अक्षर मध्येच धारदार कापलं जातं आणि समोरचा काठ खणखणीत असतो.

काठावरचे दाते सारखे हवेत. शंभर रुपयांचं मोठं नाणं ४४ मिलिमीटर व्यासाचं आणि ३५ ग्रॅमचं आहे. इतकं जड नाणं हातातून फरशीवर पडलं की दाते चेपतात, काठ आत वळतो आणि बरोब्बर त्याच ठिकाणी आतल्या बाजूला फुगवटा येतो. हा फुगवटाच आघाताचा पुरावा आहे.

उलटी, खोल अक्षरं दिसली तर त्यांच्याखालचं मूळ चित्र पाहा. ते चेपून सपाट झालं असेल तर दोन नाणी शिकंज्यात दाबली आहेत. विक्रीला येणाऱ्या अशा 'ब्रोकेज' (आधीचं नाणं डायला चिकटून राहिल्यामुळे उलटा ठसा उमटलेल्या) प्रूफमध्ये मला वारंवार हेच दिसतं.

६. वजन, व्यास, चुंबक

आता थोडा खर्च. ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा आणि व्हर्निअर कॅलिपर घ्या. कॅलिपरचा जबडा आरशाला लावू नका, फक्त काठाला. नाणं आधीपासून सुटं असेल तरच ही तपासणी करा.

प्रत्येक नाण्याचं ठरलेलं वजन, व्यास आणि मिश्रण सरकारी अधिसूचनेत छापलेलं असतं. शंभर रुपयांच्या स्मारक नाण्यांच्या नेहमीच्या मिश्रणात ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबं आणि ५-५ टक्के निकेल व जस्त असतं. १९६९ चं गांधी शताब्दीचं दहा रुपयांचं नाणं ८० टक्के चांदीचं, १५ ग्रॅमचं. वजन एकटं काही सिद्ध करत नाही. तुकडा टाकसाळीत गेला काय आणि कानशीने गेला काय, दोन्हीकडे ते कमीच भरतं. वजन आणि व्यास मात्र एकत्र पाहिले की बोलतात. पातळ चकतीवर मारलेलं नाणं वजनाला कमी भरतं, पण कॉलरमध्ये (ठोक्याच्या वेळी चकतीभोवती असलेल्या कड्यात) ठोकल्यामुळे व्यासाला साधारण पूर्ण असतं आणि काठ तेवढा अशक्त दिसतो. आम्लात बुडवलेलं नाणं वजनाला आणि व्यासाला दोन्हीकडे कमी भरतं, अक्षरं झिजल्यासारखी होतात आणि आरसा पार जातो. 'थिन प्लांचेट एरर' म्हणून येणाऱ्या नाण्यांना हाच प्रश्न विचारा.

चुंबकाने एवढंच कळतं: ताम्र-निकेल आणि चांदी चिकटत नाहीत, १९५० चा शुद्ध निकेलचा रुपया आणि फेरिटिक स्टेनलेस स्टीलची अलीकडची नाणी चिकटतात. रंग बदललेलं नाणं वजनाने अचूक भरत असेल तर मला आधी मुलाम्याचीच शंका येते.

७. डाग

डाग ही एरर नाही, पण नाणं मरतंय की नुसतं रंगतंय हे ठरवायला हवं. कडेकडून आत येणारी पिवळी, तपकिरी, निळसर छटा म्हणजे टोनिंग. चांदीवर ती हवेतल्या गंधकामुळे चढते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत लवकर चढते आणि सेटला रबरबँड लावून ठेवलं असेल तर त्याच रेषेत काळी पट्टी उमटते. ती घालवू नका. चांदीवरचे दुधाळ पांढरे ठिपके टाकसाळीतल्या धुण्याच्या रसायनाच्या अवशेषामुळे येतात असं मानलं जातं. तेही पुसून जात नाहीत. घासलं तर ठिपका राहतो आणि आरसा जातो.

चिंता हिरव्या, चिकट थराची. मऊ पीव्हीसी पाकिटातून निघालेलं रसायन धातू खातं. असं नाणं त्या पाकिटातून काढा. नाणं सुटं, बिनरंगाचं आणि चांदी किंवा ताम्र-निकेलचं असेल तर शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये काचेच्या वाटीत ठेवा, नुसतं निथळू द्या, कापूस लावू नका. नेलपॉलिश रिमूव्हर चालणार नाही, त्यात इतर गोष्टी मिसळलेल्या असतात. खिडकी उघडी हवी आणि जवळपास ज्योत नको. रंगीत छपाईच्या नाण्याला अ‍ॅसिटोन अजिबात नाही, रंग विरघळतो. थर निघून गेला आणि खाली खड्डे दिसले तर ते गंजाचे आहेत, डायचे नाहीत.

इथे थांबा

टाकसाळीचं मूळ सील अजून शाबूत असेल तर ते तपासण्यासाठी फोडू नका. फोडल्यावर नाणं कुणाकडून कसं आलं याचा तो एकमेव पुरावा जातो आणि खूण सीलच्या आतलीच होती हे कुणालाही पटवता येत नाही.

तिसऱ्या तपासणीत दिव्याची जागा बदलल्यावर उत्तर बदलत असेल तर तुमची अवजारं इथे संपली. मुलाम्याची शंका असेल, चिन्ह काढल्याची शंका असेल, किंवा विक्रेता त्याच नाण्याच्या नेहमीच्या भावाच्या कितीतरी पट मागत असेल, तर नाणं एरर ओळखणाऱ्या जाणत्या डीलरला किंवा पीसीजीएस, एनजीसी यांच्यासारख्या ग्रेडिंग (नाण्याचा खरेपणा आणि दर्जा ठरवणाऱ्या) संस्थेला दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. पाठवण्याआधी एरर तपासणीचं वेगळं शुल्क विचारा, येण्याजाण्याचा विमा धरा आणि ही रक्कम नाण्याच्या अपेक्षित किमतीहून जास्त होत असेल तर पाठवूच नका. साध्या लिंट मार्कसाठी हा खर्च जवळजवळ कधीच भरून येत नाही.

धातू तपासायला सराफाकडे जात असाल तर एक्सआरएफ यंत्र (क्ष-किरणांनी धातूचं मिश्रण मोजणारं) आहे का ते आधी फोनवर विचारा. ते वरच्या थराचंच मोजतं, म्हणून मुलामा असेल तर आकडा फसवा येऊ शकतो. वजनाशी ताडून पाहा. आणि काउंटरवर नाणं देताना स्पष्ट सांगा: कसोटीवर घासायचं नाही, आम्लाचा थेंब टाकायचा नाही, कापडाने पुसायचं नाही. ते मान्य नसेल तर नाणं कॅप्सूलमधून काढू नका.

सोबत न्यायचे फोटो: दोन्ही बाजू पूर्ण, खूण डावीकडून उजेड टाकून, तीच उजवीकडून, काठ, आणि असेल तर त्याच वर्षाचं बिनदोष नाणं शेजारी ठेवून एक. मूळ डबी, प्रमाणपत्र आणि बिल त्याच पिशवीत ठेवा.